पाचच सूर, म्हणून सोपं? ‘मॅनिश बॉय’ आणि एक नवी हार्मोनिकावादक

ताई बँकेत नोकरी करतात. लहानपणी पेटीच्या काही परीक्षा दिलेल्या, मग संसारात पेटी माळ्यावर गेली. अलीकडे सी पट्टीची दहा होलांची हार्मोनिका घेतली आणि दोन-चार साध्या चाली बसवल्या. त्यांच्या शाखेतला गिटार वाजवणारा एक सहकारी वार्षिक स्नेहसंमेलनासाठी ब्लूज गायक मडी वॉटर्सचं ‘मॅनिश बॉय’ बसवत होता. गाणार तोच होता, त्याला फक्त हार्मोनिका हवी होती. संमेलनाला साधारण तीन महिने होते. ताईंनी मला गाणं पाठवलं आणि विचारलं, “पाचच तर सूर आहेत आणि तेच तेच वाजवायचंय. मला जमेल ना?”

हा प्रश्न बरेच जण विचारतात आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा चुकीच्या मापाने दिलं जातं. सूर किती, लय किती जलद, गाणं किती लांब, एवढं पाहून ‘सोपं’ असा शिक्का बसतो. या मापाने ‘मॅनिश बॉय’इतकं सोपं गाणं सापडायचं नाही. लय संथ, सूर पाच, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा सुरांचा संच, एकच. ब्लूजमध्ये नवशिक्याला घाबरवणारा बारा बारचा (बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन) हिशोबही यात नाही.

आधी गाण्याविषयी थोडं, कारण त्याची जडणघडण इथे कामाला येते. १९५४ साली विली डिक्सन यांनी लिहिलेलं ‘हूची कूची मॅन’ मडी वॉटर्सने शिकागोत चेस कंपनीसाठी गायलं. त्यात वाद्यं एक छोटी सुरावट वाजवून थांबतात आणि मोकळ्या जागेत गायक एक ओळ टाकतो. पुढच्या वर्षी बो डिडलीने तोच धागा पकडून ‘आय ॲम अ मॅन’ केलं. त्यावर हार्मोनिका बिली बॉय अर्नोल्डची. त्याला मडीने त्याच वर्षी दिलेलं उत्तर म्हणजे ‘मॅनिश बॉय’. मडीच्या त्या काळच्या ध्वनिमुद्रणांवर हार्मोनिकेला सहसा लिटल वॉल्टर असतो, पण या गाण्यावर ज्युनिअर वेल्स आहे. पुढे १९७७ च्या ‘हार्ड अगेन’ या अल्बमसाठी जॉनी विंटरच्या निर्मितीखाली मडीने ते पुन्हा गायलं, तेव्हा जेम्स कॉटन वाजवायला होता. ताईंच्या सहकाऱ्याच्या डोक्यात हीच आवृत्ती होती आणि त्याला ती मूळच्या ए पट्टीतच हवी होती. ए म्हणजे पेटीवरची पांढरी सहा.

पांढरी सहाला सा धरला, तर ती सुरावट अशी: सा, म, सा, कोमल ग, सा. बस्स. पहिला सा कुणी दोनदा घेतो, कुणी शेवटचा लांबवतो, पण सांगाडा हाच. ताईंनी पेटीवर तो ऐकल्या ऐकल्या वाजवला. “बघा, झालं की,” म्हणाल्या. पेटीवर खरंच झालं होतं.

कोमल ग कुठे आहे?

ब्लूजमध्ये हार्मोनिका बहुतेक वेळा स्वतःच्या पट्टीत वाजत नाही. सी पट्टीच्या हार्मोनिकेवर जी पट्टीचं गाणं वाजवायचं, म्हणजे वाद्याचा पंचम हा गाण्याचा सा. याला सेकंड पोझिशन म्हणतात. मग सा येतो दुसऱ्या होलात श्वास आत ओढून, आणि ओढलेल्या सुरांना जे वजन असतं ते गाण्याच्या मुख्य सुरांना मिळतं. ए पट्टीसाठी त्यामुळे डीची हार्मोनिका लागते. तिच्यावर ही सुरावट अशी बसते (आकडा होलाचा, ड्रॉ म्हणजे ओढून, ब्लो म्हणजे फुंकून): २ ड्रॉ, ४ ब्लो, २ ड्रॉ, ३ ड्रॉ अर्धा बेंड, २ ड्रॉ.

‘अर्धा बेंड’ हे दोन शब्द सगळ्या प्रकरणाचं मूळ आहेत. या वाद्यावर तिसऱ्या होलात ओढलं की शुद्ध ग मिळतो. कोमल ग त्यात बसवलेलाच नाही. तोंडाची पोकळी आणि जिभेचा मागचा भाग हलवून शुद्ध ग खाली वाकवावा लागतो. वाकवणं शक्य होतं कारण प्रत्येक होलात धातूच्या दोन पातळ पट्ट्या (रीड) असतात, एक फुंकण्याची आणि एक ओढण्याची. पहिल्या सहा होलांत ओढण्याची पट्टी वरच्या सुराची असते आणि बेंड करताना तिचा सूर फुंकण्याच्या पट्टीकडे खेचला जातो. दोघींमध्ये जितकं अंतर, तितकी वाकायला जागा. चौथ्या होलात अंतर दोन अर्धसुरांचं (अर्धसूर म्हणजे शुद्ध गपासून कोमल गपर्यंतचं अंतर), म्हणून मध्ये एकच सूर मिळतो आणि तो खाली आपटला की थांबतो. नवशिक्याला पहिला बेंड बहुधा तिथे सापडतो तो यामुळे. पाचव्या होलात अंतर एकाच अर्धसुराचं, तिथे पूर्ण बेंड नाहीच. तिसऱ्या होलात मात्र अंतर चार अर्धसुरांचं आहे. मध्ये तीन सूर लपलेत: कोमल ग, त्याखाली रे, त्याखाली कोमल रे. आपल्याला हवा आहे त्यातला सगळ्यात वरचा, म्हणजे खाली घसरायला लागल्याबरोबर रोखून धरायचा.

ताईंना त्यांच्या सीच्या हार्मोनिकेवर, म्हणजे जी पट्टीत, हे करून बघायला सांगितलं. मोबाइलवर ट्यूनर लावला. काटा शुद्ध गवर उभा राहायचा, ताई जीभ मागे घ्यायच्या, आणि काटा कोमल गला नुसता हात लावून थेट रेच्या खाली जाऊन पडायचा. पुन्हा वर आला की शुद्ध ग. मधलं काही नाही. यात त्यांचा दोष काहीच नव्हता. पहिल्या काही आठवड्यांत हा बेंड जवळजवळ सगळ्यांचा असाच पडतो, आणि काहींना त्यावर ताबा यायला कित्येक महिने जातात. डीच्या हार्मोनिकेच्या पट्ट्या सीपेक्षा आखूड, त्यामुळे तिथे तीच हालचाल आणखी बारीक करावी लागते.

एक फायदा त्यांच्याकडे होता: कान. सूर चुकला की त्यांना काट्याकडे बघावंच लागत नव्हतं, चेहऱ्यावर आधी दिसायचं. पेटी शिकलेल्या माणसाचं हे भाग्यही आणि दुर्दैवही. बेसूर कोमल ग घेऊन खुशाल पुढे जाणं त्यांना जमणार नव्हतं.

चुकला तर काय उरतं?

गाण्याची अवघड जागा सापडली की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ती जागा हुकली तर गाणं उभं राहतं का? पुष्कळ ब्लूज गाण्यांत राहतं. एखादा बेंड साधा घेतला, एखादी सजावट गाळली, तर रंग थोडा उतरतो आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही. अशा गाण्यात दहा बेंड असले तरी मी ते नवशिक्याला देतो.

इथे उलट आहे. पाच सुरांपैकी एक अवघड, आणि नेमका तोच सुरावटीचा जीव. कोमल गच्या जागी शुद्ध ग लावून बघा: सा म सा ग सा. तो दरारा, ती धमकी क्षणात जाते आणि बालवाडीतली कवायत सुरू होते. शिवाय हा सूर एकदा येऊन जात नाही, प्रत्येक बारमध्ये येतो. एका बारला तीन-चार सेकंद धरले तर पाच मिनिटांच्या सादरीकरणात तो पंचाहत्तर ते शंभर वेळा घ्यायचा, आणि दर वेळी बाजूला गिटार हाच सूर अचूक वाजवत असणार. लपायला जागा नाही. संथ लय इथे मदतीला येण्याऐवजी अंगावर येते. जलद गाण्यात वाकडा सूर सरकून जातो, इथे तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो.

म्हणजे ‘सूर पाच, लय संथ’ या ज्या दोन गोष्टी सोपेपणाचा पुरावा म्हणून पुढे केल्या जात होत्या, त्याच गाणं अवघड करत होत्या. डीच्या हार्मोनिकेवर, सेकंड पोझिशनमध्ये, तीन महिन्यांच्या मुदतीत, नवशिक्या वादकासाठी: अवघड. असं मी ताईंना सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

दुसरी वाट

होलांमधली उडी टाळायची एक युक्ती आहे. डीच्या हार्मोनिकेवर तोच सा तिसऱ्या होलात फुंकूनही मिळतो. मग सुरावट होते ३ ब्लो, ४ ब्लो, ३ ब्लो, ३ ड्रॉ अर्धा बेंड, ३ ब्लो. दुसऱ्यावरून चौथ्यावर उडी मारायची गरज उरत नाही, सगळं शेजारी शेजारी येतं. पण बेंड तसाच राहतो, आणि फुंकलेला सा ओढलेल्या साच्या मानाने पातळ लागतो. म्हणजे सोपी जागा आणखी सोपी झाली, अवघड होती तशीच. अशा युक्त्या पाठांमध्ये खूप सांगितल्या जातात. त्या वाईट नाहीत, पण उपयोग काय?

खरी वाट वाद्य बदलण्यात होती. ताईंच्या सीच्या हार्मोनिकेवर चौथ्या होलातला ओढलेला सूर सा धरला तर गाण्याची पट्टी डी होते, पांढरी दोन. याला थर्ड पोझिशन म्हणतात. आता सुरावट बघा: ४ ड्रॉ, ६ ब्लो, ४ ड्रॉ, ५ ड्रॉ, ४ ड्रॉ. बेंड कुठेच नाही. कोमल ग पाचव्या होलात तयार बसलाय, फक्त ओढायचा. ताईंनी हे त्याच बैठकीत वाजवलं. सूर स्वच्छ नव्हते, उडी अडखळत होती, पण गाणं ओळखू आलं. मघाच्या पडलेल्या चेहऱ्याने आता माझ्याकडे संशयाने पाहिलं. “हे आधी का नाही सांगितलंत?” आधी सांगितलं असतं तर बेंडचं मोल कळलं नसतं, असं काहीतरी मी म्हणालो. त्यांना ते पटलं नाही.

सहकाऱ्याने डी पट्टीत गाऊन बघावं, असं आधी सुचवलं. म्हणजे नवी खरेदी नको. त्याने प्रयत्न केला. गिटारवर सुरावट बसली, पण त्याचा आवाज त्या पट्टीत ना वर पोचत होता ना खाली, आणि गाण्याचा सगळा रुबाब गायकाच्या आवाजात असल्याने तिथे तडजोड करण्यात अर्थ नव्हता. ए पट्टीच हवी. ए पट्टी थर्ड पोझिशनमध्ये वाजवायची तर हार्मोनिका लागते जीची.

इथे एक गंमत आहे, ती मला स्वतःला फार आवडते. जीची हार्मोनिका डीपेक्षा खालच्या सुरांची. तिच्यावरचा ४ ड्रॉ आणि डीच्या हार्मोनिकेवरचा २ ड्रॉ हा अगदी एकच सूर आहे, ४४० हर्ट्‌झचा ए. जीचा ६ ब्लो आणि डीचा ४ ब्लो एकच. जीचा साधा ५ ड्रॉ आणि डीचा मेहनतीने वाकवलेला ३ ड्रॉ, तेही एकच. पाचही सूर त्याच सप्तकात, त्याच उंचीचे. एका वाद्यावर त्यासाठी महिनोन्‌महिने जीभ झिजवायची, दुसऱ्यावर नुसता श्वास घ्यायचा. मग ‘हे गाणं किती अवघड आहे’ या प्रश्नाला वाद्य आणि पोझिशन न विचारता उत्तर देणारा माणूस नेमकं कशाचं उत्तर देतो, हे मला कळत नाही.

थर्ड पोझिशन नवशिक्यांना सहसा खूप उशिरा दाखवतात. आधी फर्स्ट, मग सेकंड, मग थर्ड, असा क्रम शिकवण्याच्या पद्धतीत घट्ट बसलाय. त्याला कारणं आहेत, पण या गाण्यापुरता तो क्रम उलटा पडतो. आणि थर्ड पोझिशनला एक दिलदारपणाही आहे. ४, ५ आणि ६ या होलांत एकदम ओढलं तर जीच्या हार्मोनिकेवर ए मायनर कॉर्ड मिळते. म्हणजे ओठ थोडे सैल पडून शेजारचा सूर घुसला तरी तो गाण्याच्या घरचाच असतो. तिसऱ्या होलातल्या बेंडमध्ये शेजारचा सूर घुसला की बेंडच मोडतो.

काय गमावलं

फुकट काहीच मिळत नाही. सेकंड पोझिशनमधला कोमल ग जिवंत असतो. वादक तो किंचित वर ठेवतो, कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या त्या जागी जिथे ब्लूजचा गंधार राहतो, किंवा शुद्धावरून कण्हत खाली आणतो. कॉटनची हार्मोनिका ऐकताना अंगावर काटा येतो तो अशाच जागांनी. ५ ड्रॉ मात्र ठोकळा आहे. त्याला हलवायला जागाच नाही, कारण त्या होलातलं अंतर एका अर्धसुराचं. ताईंचा गंधार सुरेल लागणार होता आणि सरळ लागणार होता. स्नेहसंमेलनासाठी हा सौदा मला मान्य होता. गिटारवाल्याला थोडा कमी मान्य होता. त्याचं म्हणणं पडलं की आवाज “जरा रडका” येतोय. मायनर रंग आहे तो, रडका वाटणारच.

श्वासाचं गणित मात्र दोन्ही वाटांवर सारखंच निघालं आणि त्याकडे आधी कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. दोन्हीकडे क्रम तोच: ओढा, फुंका, ओढा, ओढा, ओढा. चार वेळा आत, एकदा बाहेर. पहिले चार-पाच बार काही वाटत नाही. मग छाती भरून येते, आत घ्यायला जागा उरत नाही आणि सूर दबायला लागतो. लोकांना वाटतं दम संपला. प्रत्यक्षात दम साचलेला असतो. उपाय गाण्यानेच देऊन ठेवलाय: सुरावटीनंतर गायकासाठी जी मोकळी जागा सोडली आहे, तिच्यात नाकाने श्वास सोडायचा, वाद्य ओठांवर ठेवूनच. ताईंनी दुसऱ्या-तिसऱ्या सरावात गरगरल्यासारखं होतंय अशी तक्रार केली, तेव्हा तालमी फक्त याच गोष्टीच्या घेतल्या. सूर बाजूला ठेवून नुसता श्वास.

लयीत अडचण आली ती वेगळीच. गाण्याची प्रत्येक मात्रा तीन भागांत झुलते आणि पाच सूर सारख्या अंतरावर पडत नाहीत. ताई आधी ते समान अंतरावर वाजवत होत्या आणि सुरावट शिपायासारखी चालत होती. ‘प्रत्येक मात्रेत दादऱ्याचा अर्धा भाग ऐका’ एवढं सांगितल्यावर झोल आला. हे समजावण्यात मला वेळ घालवावा लागला नाही. पाश्चात्त्य संगीतच ऐकून आलेल्या कुणाला समजावायचं असतं तरी कदाचित एवढंच सोपं गेलं असतं, पण पेटीच्या परीक्षांचा इथे उपयोग झाला खरा.

जीच्या हार्मोनिकेबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. ती खालच्या सुरांची असल्याने तिच्या पट्ट्या लांब आणि सावकाश बोलणाऱ्या. जोरात ओढलं की अडखळतात. ताईंची सवय सीची, तिथे जोर खपून जायचा. पहिला आठवडा तक्रारीतच गेला: “वाद्य सदोष आहे, परत करू का?” मी तेच वाद्य हळू वाजवून दाखवलं, मग ती शंका मिटली. घरात भावाची जुनी चोवीस होलांची ट्रेमोलो होती, ती चालेल का असंही त्यांनी मध्येच विचारलं. तिच्यात प्रत्येक सुराला दोन किंचित वेगळ्या लावलेल्या पट्ट्या असतात म्हणून आवाज थरथरतो. मांडणीही निराळी. हिंदी गाण्यांना ती छान, इथे नको.

संमेलनात गाणं झालं. मी नव्हतो, पण व्हिडिओ पाहिला. सुरावट शेवटपर्यंत टिकली, श्वास टिकला. मधल्या कडव्यांच्या जागी जिथे कॉटन मोकळा सुटतो तिथे ताई गप्प राहिल्या आणि गिटारने ती जागा भरली. हे आधीच ठरलं होतं. त्या जागांचं वादन नवशिक्याच्या आवाक्यातलं नाही, कुठल्याही हार्मोनिकेवर नाही.

आता दोघांनी ‘हूची कूची मॅन’ घ्यायचं ठरवलंय. ताईंचा अंदाज असा, की सुरावट त्याच घराण्यातली, पट्टीही ए, तर तीच जीची हार्मोनिका आणि तोच क्रम चालेल. अर्ध्या गाण्यापुरतं ते खरं आहे. पण ते सोळा बारचं गाणं. पहिले आठ बार थांबून-थांबून वाजतात, पुढच्या आठात कॉर्ड बदलतात आणि डीची कॉर्ड येते. जीच्या हार्मोनिकेवर चौथ्या होलापासून वर, जिथे ताई वाजवतात, डी कॉर्डचे सूर विखुरलेले आहेत, एक फुंकून, दोन ओढून. डीच्या हार्मोनिकेवर मात्र फुंकण्याची सगळी ओळ म्हणजेच डी कॉर्ड, कुठेही फुंका, बरोबरच. म्हणजे जे वाद्य मागच्या गाण्याला अवघड होतं तेच या गाण्याच्या उत्तरार्धाला सोपं, आणि पूर्वार्धात तो अर्धा बेंड पुन्हा समोर. मी डीची हार्मोनिका घ्यायला सांगितली आहे. या वेळी मुदत नाही. चौथ्या होलातला बेंड ताईंना आता हुकमी लागतो, तिसऱ्यातला अजून रेपर्यंत घसरतो, पण अधूनमधून कोमल गवर क्षणभर थांबतो.